उष्णतेचा हिशेब : पॉवर कन्व्हर्टरच्या औष्णिक रचनेची प्रस्तावना

सौर इन्व्हर्टरच्या नेमप्लेटवर ‘५० किलोवॉट’ असे छापलेले असते. हा विजेचा आकडा आहे, असे कुणालाही वाटेल. आतल्या तारा, चोक, कपॅसिटर आणि आयजीबीटी हे स्विच एवढी वीज पेलतात, असा त्याचा सरळ अर्थ लावला जातो. प्रत्यक्षात हा आकडा तापमानाचा असतो. भोवतालची हवा अमुक अंशांची असेल, पंखे अमुक इतकी हवा फिरवत असतील आणि आतल्या नखाएवढ्या सिलिकॉन चिपचे तापमान ठरलेल्या मर्यादेखाली राहील, या अटींवर ते यंत्र ५० किलोवॉट देते. अटी बदलल्या की आकडा बदलतो. कन्व्हर्टरची क्षमता त्याच्या उष्णतामार्गाने ठरते, हे या संपूर्ण विषयाचे सार आहे आणि पुढची सर्व प्रकरणे त्याच विधानाचा विस्तार आहेत.

हे पुस्तक तीन वाचकांसाठी लिहिले आहे. पहिला वाचक म्हणजे इलेक्ट्रिकल किंवा इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी. त्याला सर्किट येते, पण उष्णतेचा धडा त्याने बारावीनंतर उघडलेला नसतो. दुसरा मेकॅनिकलचा विद्यार्थी. त्याला उष्णतेचे संक्रमण येते, पण आयजीबीटीची डेटाशीट त्याच्या हातात कधी आलेली नसते. तिसरा वाचक मला सर्वांत जवळचा वाटतो. तो साखर कारखान्यात, जिनिंग मिलमध्ये, सौर प्रकल्पात किंवा रेल्वेच्या कारशेडमध्ये ड्राइव्ह आणि इन्व्हर्टर सांभाळतो. ‘ओव्हरटेम्परेचर’ दाखवून ट्रिप झालेली मशीन पुन्हा सुरू करणे त्याच्या रोजच्या कामाचा भाग आहे. तिघांचेही या विषयात स्वागत आहे. लागणारे गणित बेरीज-गुणाकारापासून सुरू होते आणि बरेच अंतर त्याच्याच आधाराने कापता येते.

आधी उष्णता येते कुठून ते पाहू. आयजीबीटी किंवा मॉसफेट हे आदर्श स्विच नव्हेत. चालू असताना त्यांच्या दोन टोकांमध्ये दीड-दोन व्होल्टचा फरक राहतो आणि त्यातून शेकडो अँपिअर वाहतात. हा झाला वहनातला लॉस. बंद-चालू होण्याच्या अत्यल्प क्षणात व्होल्टेज आणि करंट दोन्ही एकाच वेळी मोठे असतात. असे क्षण सेकंदाला हजारो वेळा येतात. हा स्विचिंगचा लॉस. दोन्ही मिळून फार वाटत नाहीत, कारण आजचा चांगला इन्व्हर्टर ९८ टक्के कार्यक्षम असतो. पण ५० किलोवॉटचे दोन टक्के म्हणजे सुमारे एक हजार वॉट. एका हीटरची ही उष्णता काही चौरस सेंटिमीटर सिलिकॉनमधून सतत बाहेर पडत असते. एक चौरस सेंटिमीटरच्या चिपमधून १०० वॉट निघतात, तेव्हा दर चौरस मीटरला दहा लाख वॉट एवढा उष्णताप्रवाह होतो. भर दुपारच्या उन्हात जमिनीवर पडणारी सौर ऊर्जा दर चौरस मीटरला सुमारे एक हजार वॉट असते. चिपवरचा प्रवाह त्याच्या हजारपट झाला, आणि तरीही त्या चिपने सामान्यतः १५० किंवा १७५ अंश सेल्सियसची मर्यादा ओलांडायची नाही.

या प्रश्नाचे गणित जुने आहे. जोसेफ फूरिए ग्रेनोबल येथे प्रीफेक्ट म्हणून प्रशासन सांभाळत असताना उष्णतेच्या वहनावर काम करत होते. १८०७ मध्ये त्यांनी पॅरिसच्या विद्वत्सभेला प्रबंध सादर केला. त्यातल्या त्रिकोणमितीय श्रेणींवर लाग्रांज यांच्यासारख्या थोर गणितज्ञाने आक्षेप घेतले. अखेर १८२२ मध्ये फूरिए यांचा उष्णतेच्या विश्लेषणात्मक सिद्धांताचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी, १८२७ मध्ये, गेओर्ग ओम यांनी विजेच्या मंडलाचा गणिती सिद्धांत मांडला. त्यांच्यासमोर नमुना होता तो फूरिए यांच्या उष्णतावहनाचा. तापमानातील फरकामुळे उष्णता वाहते, तशी विद्युतदाबातील फरकामुळे वीज वाहते, अशी ती मांडणी होती. पुढे विजेचे मंडलशास्त्र खूप वाढले आणि विसाव्या शतकात उष्णतेचे अभियंते त्याच भाषेकडे वळले. आज आपण चिपपासून हवेपर्यंतचा उष्णतामार्ग रोधांच्या साखळीने काढतो. विजेने उष्णतेकडून घेतलेले ऋण अशा रीतीने व्याजासह परत आले आहे. म्हणून इलेक्ट्रिकलच्या विद्यार्थ्याने हा विषय परका मानू नये. त्याला येणारा ओमचा नियम मूळचा याच घरातला आहे.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवू, कारण साऱ्या विषयाचा गाभा त्यात आहे. आकडे स्पष्टीकरणासाठी निवडले आहेत, पण ते प्रत्यक्षात आढळणाऱ्या यंत्रांच्या जवळचे आहेत. वर उल्लेखिलेल्या ५० किलोवॉटच्या इन्व्हर्टरमध्ये सहा स्विच आहेत. प्रत्येकात आयजीबीटीचे १२० आणि डायोडचे ३०, असे १५० वॉट उष्णतेत जातात. सहांचे मिळून ९०० वॉट एकाच हीटसिंकमध्ये उतरतात. उरलेली उष्णता चोक, कपॅसिटर आणि बसबारमध्ये निर्माण होते. हवा ४५ अंशांची आहे. हीटसिंकचा औष्णिक रोध दर वॉटला ०.०५ अंश आहे, म्हणजे ९०० वॉटला तो हवेपेक्षा ४५ अंशांनी तापून ९० अंशांवर जाईल. मॉड्यूलचा तळ आणि हीटसिंक यांच्यामधल्या ग्रीसच्या थराचा रोध प्रत्येक स्विचमागे ०.०६७ आहे. १५० वॉटला त्यात आणखी दहा अंश चढतात आणि मॉड्यूलचा तळ १०० अंशांवर पोहोचतो. तळापासून आयजीबीटीच्या जंक्शनपर्यंतचा, म्हणजे चिपमधल्या उष्णता निर्माण होणाऱ्या थरापर्यंतचा, रोध ०.२ आहे. १२० वॉटला २४ अंश. जंक्शनचे तापमान झाले १२४ अंश. मर्यादा १५० असली तरी रचनेसाठी आपण १२५ धरू. बसले!

पण हाच इन्व्हर्टर बंद पॅनलमध्ये बसवला आणि आतली हवा ५५ अंशांची झाली, तर जंक्शन १३४ वर जाईल. ते पुन्हा १२५ च्या आत आणायचे तर चढायला फक्त ७० अंश उरतात, आधी ७९ लागत होते. लॉस अकरा टक्क्यांनी घटवावा लागेल आणि यंत्र साधारण ४५ किलोवॉटचे होईल. नेमप्लेटवर ५० तसेच राहतात. हा हिशेब न करता बसवलेली यंत्रे उन्हाळ्यात दुपारी ट्रिप होतात आणि दोष कंपनीच्या माथी मारला जातो. ४० अंशांच्या हवेसाठी दिलेले रेटिंग चंद्रपुरात मे महिन्यात, पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना, जसेच्या तसे लागू होणार नाही. अशा ठिकाणी डीरेटिंगचा, म्हणजे तापमानानुसार घटवलेल्या क्षमतेचा, तक्ता आधी उघडावा लागतो.

साखळीतली प्रत्येक कडी स्वतंत्र अभ्यासाला पात्र आहे. ग्रीसची कडी घ्या. कितीही गुळगुळीत दिसणारे दोन धातू एकमेकांवर ठेवले तरी ते मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात. उरलेल्या फटींमध्ये हवा असते आणि हवा उष्णतेची फार वाईट वाहक आहे. ती हवा हटवण्यासाठी थर्मल ग्रीस लावतात. पण ग्रीसही धातूच्या मानाने दुबळीच. तिची वाहकता दर मीटर-केल्विनला १ वॉट धरली, तर १०० मायक्रॉनचा थर तेवढ्याच क्षेत्रफळाच्या ४० मिलिमीटर जाड तांब्याइतका रोध करतो. जास्त ग्रीस म्हणजे जास्त सुरक्षितता, हा समज यामुळे घातक ठरतो. थर पातळ आणि सलग हवा. त्यासाठी स्टेन्सिलने छपाई करतात, आणि स्क्रू समोरासमोरच्या क्रमाने, आधी हलके आणि मग टॉर्क रेंचने ठरलेल्या मापात आवळतात. या दहा मिनिटांच्या कामावर जंक्शनचे अनेक अंश अवलंबून असतात. ते काम करणाऱ्या तंत्रज्ञाला त्यामागचे कारण माहीत असले पाहिजे.

दुसरी कडी पसरण्याची. चिप लहान, हीटसिंक मोठा. उष्णता आधी आडवी पसरली नाही, तर हीटसिंकच्या पात्यांचा, म्हणजे फिन्सचा, मोठा भाग निरुपयोगी राहतो. जाड बुडाच्या पातेल्यात दूध एका जागी करपत नाही, ते याच कारणाने. मॉड्यूलखालची तांब्याची तळपट्टी आणि हीटसिंकची जाड पाठ हेच काम करतात. मात्र जाडी वाढवत नेली की उभ्या वाटेचा रोध वाढतो, म्हणून दोन्हींचा तोल साधणारी जाडी शोधावी लागते. विजेचे पृथक्करण करणारा सिरॅमिकचा थरही याच वाटेत आहे. अ‍ॅल्युमिना स्वस्त असते, पण तिची वाहकता पंचवीसच्या आसपास असते. अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडची सुमारे १७०. कुठे कोणते वापरायचे, हा प्रश्न उष्णतेचा आहे तसाच पैशाचाही आहे.

फिन्सचा अभ्यास विमानाच्या इंजिनांनी पुढे नेला. हवेने थंड होणाऱ्या इंजिनांच्या फिन्समधील वहनाची गणिती मांडणी हार्पर आणि ब्राउन यांनी १९२२ मध्ये अमेरिकेच्या वैमानिकी सल्लागार समितीच्या अहवालात केली. फूरिए यांच्या ग्रंथानंतर बरोबर शंभर वर्षांनी आलेला हा अहवाल आजच्या हीटसिंकचाही पाया आहे. त्यातून मिळणारा धडा असा : फिनच्या मुळाशी तापमान जास्त असते आणि टोकाकडे ते घटत जाते, म्हणून टोकाचे क्षेत्रफळ पूर्ण मोलाचे नसते. एक मिलिमीटर जाड आणि ५० मिलिमीटर उंच अ‍ॅल्युमिनियम फिनवरून पंख्याची मध्यम हवा जात असेल, तर तिची कार्यक्षमता ७२ टक्क्यांच्या आसपास भरते. उंची दुप्पट करून १०० मिलिमीटर केली की क्षेत्रफळ दुप्पट होते, पण कार्यक्षमता ४४ टक्क्यांवर उतरते. हिशेब केला की उष्णता फक्त एकवीस टक्क्यांनी जास्त निघते. धातू दुप्पट, फायदा एक पंचमांश! हीटसिंक मोठा करत जाणे हे उत्तर नाही, हे सांगायला एवढे एक गणित पुरते.

पंखा नसेल तर चित्र बदलते. नैसर्गिक अभिसरणात हवा स्वतःच्या हलकेपणाने वर चढते, म्हणून फिन्स उभ्या हव्यात आणि त्यांच्यात पुरेसे अंतर हवे. फार जवळ आणल्या तर दोन बाजूंचे तापलेले थर एकमेकांत मिसळतात आणि हवा अडते. अशा रचनेत प्रारणाला मोठे महत्त्व येते. चकचकीत अ‍ॅल्युमिनियम फारच कमी प्रारण करते, तर अ‍ॅनोडाइज केलेले सुमारे ऐंशी टक्के क्षमतेने करते. ८० अंशांच्या पृष्ठभागावरून ४५ अंशांच्या परिसरात प्रारणाने जाणारी उष्णता नैसर्गिक अभिसरणाच्या बरोबरीची असू शकते. इथे रंगाचा गैरसमज दूर करायला हवा. अवरक्त लहरींच्या बाबतीत बिनरंगी अ‍ॅनोडायझिंगही काळ्याइतकेच चांगले काम करते. उलट उन्हात ठेवलेल्या यंत्राचा काळा रंग सूर्याची उष्णता ओढून घेतो. शेतातल्या सौर पंपाच्या कंट्रोलरला सावलीचा एक पत्रा मिळाला, तर तो काळ्या रंगापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडतो.

पंखा असेल तिथे हवेचा हिशेब वेगळा करावा लागतो. ४५ अंशांची एक घनमीटर हवा एका अंशाने तापायला सुमारे ११०० ज्यूल लागतात. आपल्या उदाहरणातले ९०० वॉट वाहून नेताना हवा दहा अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नसेल, तर ताशी सुमारे ३०० घनमीटर हवा लागते. पंख्याच्या कॅटलॉगमधला आकडा मोकळ्या हवेतला असतो. फिन्सच्या अरुंद वाटेतून हवा ढकलताना दाब लागतो आणि प्रवाह घटतो. म्हणून पंख्याचा वक्र आणि हीटसिंकच्या दाबाचा वक्र जिथे छेदतात, तोच खरा प्रवाह. बाहेर पडण्याच्या बाजूला बसवलेल्या मॉड्यूलला आधीच तापलेली हवा मिळते, त्यामुळे सर्वांत गरम मॉड्यूल बहुधा तिथेच सापडते. समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर हवेची घनता सुमारे दहा टक्क्यांनी कमी होते, म्हणून उंचावरच्या यंत्राला वेगळे डीरेटिंग लागते.

यात धूळही येते. विदर्भातल्या जिनिंगमध्ये कापसाचे तंतू, साखर कारखान्यात बगॅसचा भुसा, कोकण किनाऱ्यावर खारी दमट हवा. फिल्टर तुंबला आणि हीटसिंकचा रोध ०.०५ वरून ०.०६५ झाला, तर आपल्या उदाहरणात जंक्शन आणखी साडेतेरा अंशांनी चढते. दाट फिन्सचा हीटसिंक प्रयोगशाळेत सरस ठरतो, पण तंतूंनी भरलेल्या हवेत रुंद फटींचा आणि सहज साफ करता येणारा हीटसिंक वर्षभर टिकतो. रचना करणाऱ्याने यंत्र कुठे बसणार आहे ते आधी विचारावे. डेटाशीटमधून हे कळत नाही.

आतापर्यंत सर्व काही स्थिर धरले. प्रत्यक्ष यंत्रे स्थिर चालत नाहीत, म्हणून रोधाच्या जोडीला उष्णताधारकता येते आणि काळाचा प्रश्न उभा राहतो. चिप काही मिलिसेकंदांत तापते, तळपट्टीला सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, तर पाच किलो अ‍ॅल्युमिनियमचा ०.०५ रोधाचा हीटसिंक सुमारे पावणेचार मिनिटांच्या कालांकाने (रोध गुणिले उष्णताधारकता) तापतो. मुंबईच्या लोकलचा विचार करा. १९२५ मध्ये बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी धावू लागली. आजच्या गाड्यांमध्ये तीन-फेज मोटर आणि त्यांना वीज देणारे कन्व्हर्टर आहेत. गाडी स्थानकातून सुटताना मोठा करंट वाहतो, मध्येच ती मोकळी घरंगळते, पुढच्या स्थानकाआधी पुनर्जनन ब्रेकिंगमध्ये पुन्हा करंट वाहतो आणि मग थांबा. दोन स्थानकांमधले दोन-तीन मिनिटांचे अंतर आणि हीटसिंकचा कालांक एकाच मापाचे आहेत, म्हणून इथे सरासरीवर विसंबून चालत नाही. वक्र काढावाच लागतो.

हा वक्र काढण्यासाठी डेटाशीटमध्ये औष्णिक प्रतिबाधेचा आलेख आणि त्यासोबत बहुधा चार रोध-कालांकांच्या जोड्या दिलेल्या असतात. हे फॉस्टर यांच्या नावाचे जाळे आहे. गणिताला ते सोयीचे आहे, पण त्याच्या मधल्या बिंदूंना प्रत्यक्षात कोणतीही जागा नसते. त्याच्या शेवटी हीटसिंकची जोडी जोडून टाकण्याची चूक विद्यार्थी वारंवार करतात. हीटसिंक जोडायचा असेल तर कावर यांच्या नावाचे शिडीसारखे जाळे लागते. त्याची प्रत्येक पायरी म्हणजे पदार्थाचा एक खरा थर असतो. या दोन जाळ्यांतला फरक समजावण्यासाठी एक संपूर्ण प्रकरण दिले आहे. उष्णतेच्या प्रतिमानांतल्या बहुतेक चुका तिथून उगवतात, हे त्याचे कारण.

काळाबरोबर आयुष्याचा प्रश्नही येतो. सिलिकॉन एका अंशाला दशलक्षात सुमारे तीन भाग प्रसरण पावते, त्याला जोडलेली अ‍ॅल्युमिनियमची तार तेवीस भाग. प्रत्येक तापण्या-थंडावण्यात तो जोड ताणला जातो, शेवटी तार उचलली जाते किंवा खालच्या सोल्डरला तडा जातो. धातूंच्या अशा शिणाचा नियम कॉफिन आणि मॅन्सन यांनी १९५० च्या दशकात स्वतंत्रपणे मांडला. १९९० च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या लेसिट प्रकल्पात आयजीबीटी मॉड्यूलांवर चाचण्या झाल्या. मॉड्यूल निकामी होईपर्यंतच्या आवर्तनांची संख्या तापमानाच्या चढउताराच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, असे त्यातून दिसले. चढउतार निम्मा केला तर आयुष्य सुमारे तीसपट होते. इथे एक भेद लक्षात ठेवावा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंशांना निम्मे होते, हा ठोकताळा प्रत्यक्ष तापमानाबद्दल आहे. सोल्डर आणि तारांचा शीण मुख्यतः चढउताराबद्दल आहे. सतत ११० अंशांवर राहणारे मॉड्यूल ६० ते ११० मध्ये रोज हजारदा हेलकावणाऱ्या मॉड्यूलपेक्षा जास्त टिकू शकते.

हवेची मर्यादा संपते तिथे द्रव येतो. पाण्याची आकारमानानुसार उष्णताधारकता हवेच्या साडेतीन हजारपट आहे. त्याचे भव्य उदाहरण आपल्या राज्यात आहे. चंद्रपूर ते पडघे ही एचव्हीडीसी (उच्चदाब एकदिश) वाहिनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाली. दीड हजार मेगावॉट, ±५०० किलोव्होल्ट, सुमारे साडेसातशे किलोमीटर. अशा वाहिनीच्या टोकाच्या थायरिस्टर-केंद्रात एक टक्क्याहून कमी लॉस होतो, तरी पूर्ण भारावर तो दहा मेगावॉटच्या घरात जातो. त्यातला मोठा वाटा ट्रान्सफॉर्मर आणि थायरिस्टर व्हॉल्व्हचा असतो. लाखो व्होल्टवर तरंगणाऱ्या व्हॉल्व्हपर्यंत पाणी न्यायचे, तर ते वीज वाहून नेणारे नसावे. म्हणून आयनमुक्त पाणी सतत शुद्ध करत फिरवतात. विद्युत मोटारींच्या इन्व्हर्टरमध्ये पाणी आणि ग्लायकॉलचे मिश्रण खेळते आणि तेच बऱ्याचदा ६५ अंशांवर आत येते. तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच जलमार्गात आले तर गंज चढतो, हेही लक्षात ठेवावे लागते. १९८१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात टकरमन आणि पीझ यांनी सिलिकॉनमध्येच सूक्ष्म नाल्या कोरल्या आणि दर चौरस सेंटिमीटरला ७९० वॉट उष्णता पाण्याने बाहेर काढून दाखवली. त्या प्रयोगाने मर्यादांची कल्पनाच बदलली.

नवी साधने आली तरी हा विषय जुना होत नाही. चेन्नईत जन्मलेले जयंत बालिगा यांनी जनरल इलेक्ट्रिकमध्ये विकसित केलेल्या आयजीबीटीने एक युग घडवले. आता सिलिकॉन कार्बाइड आले आहे. त्याचा लॉस कमी आणि उष्णतावाहकता जास्त. पण चिपही लहान झाली, म्हणून दर चौरस सेंटिमीटरचा प्रवाह वाढला. शिवाय त्यापासून बनवलेल्या मॉसफेटचा विद्युत रोध तापमानाबरोबर वाढतो. तापल्याने लॉस वाढतो आणि लॉस वाढल्याने आणखी तापते. त्यामुळे तापमान आणि लॉस यांची गणिते एकमेकांत फिरवत उत्तर स्थिर होईपर्यंत करावी लागतात. ते स्थिर होत नसेल, तर रचना बदलावी लागते.

साधनांच्या क्रमाबद्दल माझे मत ठाम आहे. आधी कागदावर रोधांची साखळी, मग काळाचे जाळे, त्यानंतर संगणकावर सीएफडी (प्रवाहाचे संगणकीय गणित) आणि शेवटी मापन. सीएफडीची रंगीत चित्रे मोहक असतात. पण ज्याने आधी हाताने हिशेब केलेला नाही, त्याला चित्रातली वीस अंशांची चूक ओळखता येत नाही. संपर्करोधाचा एक आकडा चुकीचा भरला, तर हजारो पेशींचे सुंदर उत्तरही चुकीचेच येते. मापनालाही तीच शिस्त लागते. थर्मोकपल कुठे बसवले, मॉड्यूलमधला एनटीसी हा तापमानमापक चिपपासून किती दूर आहे, थर्मल कॅमेऱ्यासमोर चकचकीत धातू आहे की रंगवलेला, या प्रश्नांची उत्तरे लिहिल्याशिवाय तापमानाच्या आकड्याला अर्थ नाही.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे. पहिल्या भागात लॉसची गणना, दुसऱ्यात स्थिर साखळी, तिसऱ्यात हीटसिंक, पंखे आणि द्रवशीतन, चौथ्यात काळाची जाळी आणि आयुष्याचा अंदाज, पाचव्यात संगणकीय प्रतिमाने आणि मापन. कारखान्यात जे शब्द चालतात तेच इथे वापरले आहेत. मेकॅनिकलच्या वाचकाने पहिला भाग सावकाश वाचावा, इलेक्ट्रिकलच्या वाचकाने तिसरा. प्रत्यक्ष यंत्रे सांभाळणाऱ्याने दुसऱ्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल. त्याच्या हातातले पॅनल हेच त्याचे सर्वोत्तम उदाहरण ठरेल.

आपल्याकडे कन्व्हर्टर झपाट्याने वाढत आहेत. शेतात सौर पंप, रस्त्यावर विद्युत बस, छपरांवर इन्व्हर्टर, मेट्रोत ट्रॅक्शन. त्यातले बरेच दुसऱ्या देशांच्या हवेसाठी रेखाटलेले असतात. आपल्या उन्हाळ्याचा, आपल्या धुळीचा आणि आपल्या दमट किनाऱ्याचा हिशेब करायला दुसरे कुणी येणार नाही. तो आपल्यालाच करावा लागेल. म्हणून वाचकांना एक विनंती करतो. या पुस्तकातले कोणतेही गणित नुसते वाचून सोडू नका. आपल्या गावच्या मे महिन्याचे तापमान आणि आपल्यासमोरच्या यंत्राचे आकडे घालून ते पुन्हा करा, आणि शक्य असेल तिथे थर्मोकपल लावून पडताळा. आलेले उत्तर आणि मोजलेले तापमान वहीत तारखेसह शेजारी-शेजारी लिहा. दोन्ही जुळेनात, तर आधी गणितातली गृहीतके तपासा आणि मग यंत्र.